मशीन रिकामे धावा

"पहिल्या वापरापूर्वी मशीन रिकामे धावा."

गेल्या मंगळवारी हे वाक्य माझ्यासमोर आलं आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसल्या बसल्या मला एक चित्र दिसलं. कपडे धुण्याचं मशीन अंगणात मधोमध ठेवलंय आणि घरातली सगळी माणसं रिकाम्या हातांनी त्याच्याभोवती धावताहेत. नव्या वस्तूची पूजा करून प्रदक्षिणा घालावी तशी. मग म्हणे कपडे टाकायचे.

बँकेतली नोकरी सोडून मला आठ वर्षं झाली. तेव्हापासून मी अनुवादाची कामं करते. कथा-कादंबऱ्यांची नव्हे. मिक्सर, गीझर, पाण्याचा फिल्टर यांच्या खोक्यात एक घडीची पुस्तिका असते ना, जी कोणीही वाचत नाही, ती मराठीत करणारी जी कोणी बाई असेल ती मी. पूर्वी इंग्रजी मजकूर यायचा आणि मी त्याचं मराठी लिहायचे. हल्ली आधी संगणकच मराठी करून टाकतो आणि ते निस्तरायला माझ्याकडे येतं. निस्तरण्याचा दर अर्थातच अनुवादाच्या दरापेक्षा कमी. करपलेलं पातेलं पुढ्यात सरकवायचं आणि वर म्हणायचं, ताई, नुसतं विसळायचंच तर आहे.

पुढे वाचत गेले. "गडद कपड्यांचे रंग धावू शकतात." "मशीन धावत असताना झाकण उघडू नये." "नळी दरवाजाखालून धावू देऊ नका." आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, "साबण पावडर बाहेर धावल्यास". साबणाची पावडर भर दुपारी पायात चपला अडकवून जेल रोडच्या दिशेने निघालीय असं काहीतरी. म्हणायचं होतं, पावडर संपल्यास.

मी मूळ इंग्रजी फाइल उघडली. अडतीस पानं, आणि त्यात तो एकच शब्द तेवीस वेळा. रन.

के.जी.मधल्या पोराला येणारा हा शब्द. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या लोकांना विचारा. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्याकडे सगळ्यांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढच्या आवृत्तीसाठी शब्द नव्याने तपासताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. २०११मध्ये बातमी आली ती अशी, की नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार या एका शब्दावर नऊ महिने बसून होते. तेवढ्यात आपल्याकडे पाळणा हलतो. माझ्या पुस्तिकेत त्या ६४५पैकी फार तर सहा-सात अर्थ असतील, आणि माझ्याकडे दिवस होते दोन.

तेवीस जागांवर लाल खुणा केल्या आणि एकेक सोडवायला घेतली. मशीन धावत असताना: चालू असताना. रंग धावू शकतात: जाऊ शकतात. नळी धावू देऊ नका: नेऊ नका. चौदा-पंधरा खुणा पुसून झाल्यावर माझा हात थांबला. इंग्रज जिथं जिथं पळतो, तिथं आपण चालतोय. त्यांची दुकानं पळतात, आपली चालतात. त्यांची घड्याळं, त्यांचे कारखाने, त्यांची सरकारंसुद्धा पळतात; आपल्याकडे ती चालली तरी लोक देवाला नारळ देतात. नाटक त्यांच्याकडे सहा महिने पळतं, आपल्याकडे 'चाललं का हो?' एवढंच विचारतात. गाडीचंही तेच. वर्तमानपत्रात ती 'धावते', इंदूरची मेट्रोसुद्धा २०२५च्या मे महिन्यात सगळ्या बातम्यांतून 'धावली', सहा किलोमीटरच का होईना. पण आमच्या आळीत जो तो विचारत होता तो प्रश्न एवढाच होता, मेट्रो चालू झाली का?

चालण्यावर आपण मराठी माणसांनी किती ओझं टाकलंय! 'चहाऐवजी कॉफी चालेल?' 'चालेल.' कोण चालणार आहे? कॉफी? मी? कोणी नाही. तरी होकार चालत येतो. 'आमच्याकडे हे चालत नाही' असं म्हटलं की दाराला कडी लागलीच. माणूस नुसता 'चालू' असला तर सांभाळून राहायचं, खातं मात्र चालू असलेलंच बरं. गाण्याला लावतात ती चाल, बुद्धिबळात खेळतात ती चाल, शत्रूवर करून जातात तीही चाल. काम पुढे नुसतंच सरकवलं तर चालढकल, म्हणजे टाळायलासुद्धा आपल्याला आधी चालावं लागतं. नको असलेल्या माणसाला आपण 'पळ' म्हणत नाही, 'चालता हो' म्हणतो. हाकलतानाही घाई नाही.

आणि 'चालवून घेणं'. याला इंग्रजीत शब्द शोधून मी थकले आहे. सहन करणं नव्हे, कारण त्यात दुःख दिसतं. तडजोड नव्हे, कारण तडजोडीला समोर कोणीतरी लागतं. चालवून घेणं एकट्यानेच करायचं असतं, आणि त्याचा गवगवा करायचा नसतो.

माझी आई १९६३ साली लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आली. आल्या आल्या तिला कळेना, की सासरची माणसं सकाळी 'नळ आले, नळ आले' म्हणून ओरडताहेत ती कशासाठी. पुण्याला पाणी यायचं. इथे नळ येतात. हिंदीतलं 'नल आ गए' आम्ही इंदूरकरांनी जसंच्या तसं उचललेलं. पुढे नर्मदेचं पाणी आलं, जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढून. तेव्हापासून 'नर्मदा आली' असंही म्हणतो. नदी घरात येते, तीही एक दिवसाआड, आणि बायका बादल्या घेऊन तिच्या स्वागताला उभ्या. इंग्रजीत याला 'रनिंग वॉटर' म्हणतात. आमच्याकडे ती पळत आली नाही कधी. रडतखडत आली.

तर आई. घरात नऊ माणसं, एक पगार, तोही कारकुनाचा. ती लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या वहीत हिशेब लिहायची. दूध, किराणा, फी, घासलेट, आत्याच्या बाळंतपणाला पाठवलेले पन्नास. महिना संपला की खाली रेघ मारायची, आणि रेघेखाली जमाखर्चाचा आकडा नाही, तर एकच शब्द: 'चाललं.' ती गेल्यावर माळ्यावर तशा एकवीस वह्या सापडल्या. सगळ्या महिन्यांखाली तोच शब्द. दोनच ठिकाणी नव्हता. एकदा माझ्या धाकट्या भावाच्या टायफॉइडच्या महिन्यात. दुसऱ्या ठिकाणी का नव्हता ते मला कधी समजलं नाही, आणि विचारायला आता घरात तेव्हाचं कोणी उरलेलं नाही.

माझी भाची परदेशात शिकते. तिला आजीवर एक पान लिहायचं होतं. तिने इंग्रजीत लिहिलेलं मला वाचायला पाठवलं, त्यात वाक्य होतं की माझी आजी नऊ माणसांचं घर 'रन' करायची. वाचून मला आई एकदम कोणी मॅनेजरबाई वाटायला लागली, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. चुकीचं काहीच नव्हतं. इंग्रजीत हेच म्हणतात. पण आई घर पळवत नव्हती. पळवलं असतं तर आम्ही नऊजण धापा टाकत राहिलो असतो. तिने ते चालवलं, बोट धरून पोराला चालवतात तसं. ते बसलं की ती थांबायची, उठलं की पुढे. स्वतःसाठी मात्र तिने सगळं चालवून घेतलं. भाचीला मी हे काही लिहिलं नाही. छान आहे, एवढंच कळवलं. तिचं पान होतं, माझं नव्हे.

वडील गेले ते चालता-बोलता गेले. सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या बाजूला फिरून आले, जिरावण मसाला जास्त घातलेले पोहे खाऊन आल्याचं लपवलं, आणि दुपारी आरामखुर्चीत. लोक भेटायला आले ते सगळे म्हणत होते, भाग्यवान हो, चालते-बोलते गेले. मरणाच्या बाबतीतही आपली अपेक्षा चालण्याचीच.

बँकेत मी रोखपाल होते. लहानशी सहकारी बँक, नाव घेत नाही. परीक्षेसाठी आम्ही पाठ केलं होतं, की ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला आले तर त्याला बँकेवरचा 'रन' म्हणतात. मला वाटायचं, लोक पळत येत असतील, काचा फुटत असतील. मग एका एप्रिलमध्ये कुठूनशी अफवा उठली, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत आमच्या दारापासून पानाच्या टपरीपर्यंत रांग. कोणीही पळत नव्हतं. सगळे उभे होते. पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत, डबा बरोबर आणलेला, एका आजोबांनी तर घडीचं स्टूल आणलं होतं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी नोटांची बंडलं बाहेरून दिसतील अशी काउंटरवर रचायला लावली आणि सगळ्यांना चहा सांगितला. दुपारपर्यंत निम्मी रांग चहा पिऊन घरी गेली. त्या दिवशी संध्याकाळी माझे पाय सुजले होते. बँकेवरच्या 'रन'मध्ये मी सात तास जागची हलले नव्हते.

आमच्या मामाकडेही असाच एक उलटा शब्द होता. मामा रेल्वेत गार्ड, मुक्काम रतलाम. गार्ड आणि ड्रायव्हर म्हणजे रेल्वेच्या भाषेत 'रनिंग स्टाफ', आणि गाडी पलीकडच्या गावी पोचवून परतीच्या गाडीची वाट बघत ही माणसं जिथं थांबतात ती 'रनिंग रूम'. लहानपणी मला ती जागा म्हणजे मोठ्ठं मैदान वाटायचं, मामा टोपी सांभाळत तिथं फेऱ्या मारतोय. एकदा त्याने नेऊन दाखवली. खाटा, मच्छरदाण्या, जाड पडदे, भिंतीवर 'शांतता राखा'. भर दिवसा सात-आठ माणसं घोरत होती. 'रनिंग रूममध्ये फक्त झोपायचं असतं,' मामा कुजबुजला. मामाला किती किलोमीटर झाले त्यावर भत्ता मिळायचा, रनिंग अलाउन्स, आणि मामी म्हणायची, 'जेवढं पळतील तेवढं मिळतं, घोड्यासारखं.' २०२२पासून रेल्वेने गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलंय. मामा असता तर म्हणाला असता, चला, आता तरी बसायला मिळेल.

म्हणजे मराठी कधीच पळत नाही असं म्हणायचंय का? तसंही नाही. पळून लग्न आपल्यातही होतात, पळवाटा आपण उत्तम काढतो, आणि शिवणात साधा टाका घालतात त्याला धावदोरा म्हणतात, तो इंग्रजांच्या टाक्याइतकाच धावतो. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी बसवतात ती धाव. सरड्याची आहेच, कुंपणापर्यंतची. आणि क्रिकेट. तिथं तर चालून भागतच नाही.

क्रिकेटचा विषय निघाला की इंदूरच्या मराठी घरात निदान पंधरा मिनिटं जातात, तेव्हा वाचकांनी चालवून घ्यावं.

आमचे आजोबा होळकर सरकारच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या आयुष्यातली मोठी तारीख म्हणजे स्वातंत्र्याची नव्हे, १९४६च्या मार्चमधली. यशवंत क्लबच्या मैदानावर रणजीचा उपान्त्य सामना, होळकर विरुद्ध म्हैसूर. होळकरांनी ८ बाद ९१२ केले आणि एकाच डावात सहा जणांनी शतकं ठोकली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंह, आणि पन्नाशी गाठलेले कर्नल सी. के. नायडू. आजोबा ही सहा नावं एका श्वासात म्हणायचे, संध्येच्या चोवीस नावांसारखी. चुकून एखादं राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या आदल्या वर्षी महूच्या छावणीत असलेला डेनिस कॉम्प्टन नावाचा इंग्रज शिपाई होळकरांकडून मुंबईत अंतिम सामना खेळला होता. त्याने नाबाद २४९ केले, तरी आपण हरलो, हे आजोबा सांगताना अजूनही त्यांचा आवाज उतरायचा. १९४७ची गोष्ट मात्र ते सांगत नसत. ती आम्ही बडोद्याच्या आत्याकडून ऐकली. बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद या जोडीने अंतिम सामन्यात होळकरांच्या गोलंदाजांना धुऊन काढत ५७७ची भागीदारी केली. तो विक्रम २००६पर्यंत जगात कोणाला मोडता आला नाही. आत्या त्या आकड्यात माहेरचा अपमान आणि सासरचा अभिमान एकत्र मोजायची.

पण मी सांगत होते ते शब्दाचं. आमच्या घरी या सगळ्यांना 'रन' म्हणत. रेडिओवर समालोचन हिंदीतून, पुढे आमच्याच गावच्या सुशील दोशींचा आवाज घराघरांत, आणि हिंदीत रन तो रनच. 'धाव' हा शब्द आमच्या घरात आला तो आईबरोबर पुण्याहून. १९६४च्या जानेवारीत इंग्लंडचा संघ आलेला. आजोबा नि वडील रेडिओला कान लावून बसलेले, आणि नव्या सुनेने पोह्यांच्या बश्या ठेवता ठेवता विचारलं, "किती धावा झाल्या?"

आजी देवघरात होती. तिला वाटलं सुनेने तिलाच विचारलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "अगं, धावा मोजतात का? देव येईपर्यंत करायचा."

तो विनोद आमच्या घरात तीस वर्षं टिकला. सामना अटीतटीचा झाला की वडील देवघराकडे तोंड करून म्हणायचे, "आई, तुझा धावा चालू ठेव, इकडे धावा होत नाहीयेत." इंग्लंडविरुद्धच्या त्या मालिकेत पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. आजीचं म्हणणं, दोन्हीकडून कोणी ना कोणी धावा करत असणार, देवाने कोणाकडे म्हणून धावायचं?

आता होळकर स्टेडियमवर फ्लडलाइट लागतात. २०११च्या डिसेंबरात तिथं सेहवागने एकट्याने २१९ केले, तेव्हा आमच्या गच्चीवरून मैदान दिसत नव्हतं पण आवाज येत होता. त्या रात्री शेजारच्या पोरांनी फटाके उडवले. त्या २१९मधले किती पळून काढलेले होते? पंचवीस चौकार आणि सात षटकार वजा करा. उरलेलं मोजताना मला आजोबांची आठवण आली. ते असते तर म्हणाले असते, 'भिया, आमचे रन पायांचे होते.'

शेजारच्या त्याच घरातला पाच वर्षांचा नातू परवा आला आणि म्हणाला, "आजी, माझा नोज रन करून राहिलाय." इंग्रजी नाक, इंदुरी क्रियापद आणि खाली खरीखुरी शेंबूड. मी म्हटलं, नाक गळतंय म्हण. तो म्हणाला, "गळतं नाही, रन करतं. मॅमनी सांगितलं." मी नाक पुसलं आणि तो पळाला. नाकही बरोबर गेलं असेल.

पण त्याच्या मॅमचं अगदीच चूक नाही. इंग्रजीच्या या 'रन'चा सख्खा भाऊ जर्मन भाषेत आहे, रिनेन, आणि त्याचा अर्थ वाहणं. शब्दाच्या मुळाशी पाय आणि पाणी दोन्ही आहेत. म्हणून इंग्रजीत नदी पळते, नळ पळतो, नाक पळतं, कपड्याचा रंग पळतो. त्यात कोणाचे पाय शोधायचे नसतात. हे वाचून मी रात्री साडेदहाला कपाटातला संस्कृत कोश खाली काढला. म्हटलं, त्यांच्याकडे असं असेल तर आपली 'धाव' कुठून आली ते तरी बघू.

संस्कृतात 'धाव्' धातूचे दोन अर्थ दिलेले होते. पहिला पळणं, वाहणं. दुसरा धुणं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. धावन म्हणजे पळणं आणि धावन म्हणजे धुणंही. दात घासण्याला जुन्या पुस्तकांत दंतधावन म्हणतात, हे तर मला शाळेपासून माहीत होतं. लहानपणी आम्ही त्यावर हसायचो, दात कुठे धावतात म्हणून. आणि इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. म्हणजे 'पहिल्या वापरापूर्वी मशीन रिकामे धावा' याचा संस्कृत वळणाने अर्थ होतो, पहिल्या वापरापूर्वी मशीन रिकामं धुवा. आणि पुस्तिकेत नेमकं तेच सांगायचं होतं! कारखान्यातलं तेल, धूळ निघून जावी म्हणून कपडे न घालता एकदा नुसतं पाणी खेळवायचं. दिवसभर ज्याला मी नावं ठेवली त्या संगणकाने, न कळत, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबाने, बरोबर लिहिलं होतं. मी एकटीच खोलीत हसत बसले. सांगणार कोणाला? नवरा झोपला होता, आणि उठवून धातू सांगितला असता तर आमचं चाललेलं बंद पडलं असतं.

पण छापायला 'धावा' कसं ठेवणार? 'रिकामे चालवा' लिहिलं. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा तेही कानाला बोचलं. व्याकरणाने निर्दोष, आणि तरी घरात कोणी असं बोलत नाही. मग आपण म्हणतो काय? आठवेना. तीस वर्षं घरात मशीन आहे आणि त्याचं क्रियापद आठवेना.

साडेनऊला कामाच्या ताई आल्या. आमच्याकडे त्या बारा वर्षं आहेत, बोलतात माळवी-हिंदी, मी मराठी, आणि दोघींचं उत्तम चालतं. कपड्यांची बादली बघून त्यांनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "आंटी, मशीन लगा दूँ?"

लावणं! अर्थात. कुकर लावतो, पंखा लावतो, गीझर लावतो, तसं मशीन लावतो. धावणं नाही, चालणंही नाही. इंग्रजी पळो, कोश चालो, घरात यंत्राला जिथल्या तिथं बसवून कामाला लावायचं असतं. मी धावत (होय, धावतच) मागच्या खोलीत गेले आणि लिहिलं, "पहिल्या वापरापूर्वी मशीन एकदा रिकामं लावा." वाचताना आईचा आवाज आला. उरलेल्या जागाही भराभर झाल्या. दुपारी फाइल पाठवली.

संध्याकाळी तिकडून उत्तर. अनुवाद तपासणारा मुलगा, माझ्या मुलापेक्षा लहान असावा, अतिशय नम्र. "मॅडम, क्वालिटी चेकमध्ये एक क्वेरी आली आहे. 'लावा' म्हणजे क्रीम वगैरे लावतात तसं ना? इथे ते चुकीचं वाटतं. 'चालवा' केलं तर चालेल का?"

मी उत्तर लिहायला घेतलं. लावण्याचे अर्थ सांगायचे म्हणून सुरुवात केली: दिवा लावणं, झाड लावणं, नाव लावणं, मुलीला शाळेत लावणं, बोल लावणं, वेड लावणं. सातव्या-आठव्या ओळीवर लक्षात आलं, की हे वाचायला त्याच्याकडे वेळ नाही आणि या खुलाशाचे मला पैसे नाहीत. सगळं पुसलं.

"चालेल," असं लिहिलं आणि पाठवून दिलं.